राणीच्या बागेत झाडं बघायला कोणी जातं का?

जुईली
राणीच्या बागेत आपण लहानपणी प्राणी बघायला जातो आणि मोठेपणी पोरांना प्राणी दाखवायला. मीही परवा भाचरांना घेऊन त्याच कामगिरीवर होते. पेंग्विनची रांग हलेना, तेव्हा पोरांना त्यांच्या बापाच्या ताब्यात देऊन मी जरा लांब फिरत गेले. एका झाडाखाली आले तर डोक्यावर लांबलचक देठाला लटकलेली लालभडक फुलं. पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. आणि त्याच फांदीवर कोवळ्या पानांचे तपकिरी-गुलाबी झुबके असे मरगळून लोंबत होते की झाडाला काही रोग झालाय की काय वाटावं. शेजारून माणसांची रीघ चालली होती, मान वर कोणी करत नव्हतं.

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की ही बाग १८६२ची आणि मुळात झाडांसाठीच काढलेली. प्राणी त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आले! तर जाणकारांनो, ते झाड कोणतं? आणि फक्त झाडं बघायला जायचं तर कधी जावं, काय बघावं? इतिहास ठाऊक असेल तर तोही लिहा. माझं मत विचाराल तर वाघ कुठेही बघता येईल, ही झाडं बघायला मात्र इथेच यावं लागेल.

तिरपागडा
असहमत व्हायला जागा धरून ठेवतोय. चहा पिऊन आलो.

वनवासी
वर्णनावरून शंभर टक्के उर्वशी. आम्हर्स्टिया नोबिलिस. मूळची ब्रह्मदेशातली. ते 'मरगळलेले' झुबके म्हणजे तिची नवी पालवी, ती अशीच येते. आधी ओल्या रुमालासारखी लोंबते, मग हळूहळू ताठ होऊन हिरवी होते. रोगबीग काही नाही. फुलं थंडीपासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत. तुम्हाला बहरात सापडली म्हणजे नशीबवान आहात. फोटो असेल तर टाका.

मावशी_बोरिवली
आमच्या वेळी तिथे हत्तीवर बसवायचे गं! माझा धाकटा भाऊ वर चढताच भोकाड पसरायचा आणि खाली उतरवला की पुन्हा बसायचं म्हणून रडायचा. झाडांचं म्हणशील तर डबा खायला सावली लागायची, तेवढाच त्यांच्याशी संबंध.

भायखळा_लोकल
जन्म भायखळ्यातला, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. जमेल तेवढं लिहितो.

गोष्ट भायखळ्यात नाही, शिवडीत सुरू होते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था होती. तिची बाग आधी शिवडीला होती. साहेबांना फुलांची हौस होती हे खरं, पण खरा रस उपयोगी झाडांत. कुठली पिकं, कुठली फळं, कुठलं लाकूड या हवेत तगतं ते लावून बघायचं, कलमं वाटायची. पुढे माझगावच्या माउंट इस्टेटमधली जागा मिळाली आणि तिथे नवी बाग उभी राहिली. १८६२च्या नोव्हेंबरात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, ते 'व्हिक्टोरिया गार्डन' आपल्या लोकांनी राणीची बाग करून टाकलं. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला अजून राणीबागच सांगावं लागतं.

जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवुड ही मंडळी या सगळ्या उद्योगात होती. बागेला लागून संग्रहालय हवं म्हणून वर्गणी गोळा झाली, पायाही १८६२मध्येच घातला. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू असल्यामुळे तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापूसवाल्यांकडे पैशाचा पूर आलेला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि संग्रहालयाचं काम रखडलं. ते उघडायला १८७२ उजाडलं. आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. १८७३मध्ये सोसायटीने मान टाकली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राण्यांसाठी जास्तीची जमीन जोडली ती १८९०च्या सुमारास. म्हणजे जुईली म्हणते ते बरोबर आहे. झाडं घरमालक, प्राणी भाडेकरू.

चहाबाज
आणि भाडेकरूंनी पागडीवर अख्खी चाळ बळकावली.

तिरपागडा
आलो. आता असहमती.

तुम्ही लोक झाडंझाडं करताय, पण बाग लोकांची राहिली ती प्राण्यांमुळे. गिरणगावातला माणूस रविवारी पोराला खांद्यावर बसवून उर्वशी बघायला येत नव्हता, हत्ती बघायला यायचा. २०१७मध्ये मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं, तरी रांग कमी झाली का? नाही. कारण पेंग्विन. उद्या पाटी लावा 'दुर्मिळ वृक्ष पाहा, प्रवेश फुकट' आणि बघा किती जण येतात. मी, जुईलीताई, वनवासी आणि झोपायला आलेले दोघं.

सुमेधा
तिरपागडा, चिलीच्या किनाऱ्यावरचा हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्यात एसीत बसवायचा आणि त्याच्या नावाने बाग चालवायची, याला माझा विरोध आहे आणि राहील. २०१६मध्ये आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांत दगावला, तेव्हाच हा हट्ट सोडायला हवा होता. पोरांना बरं वाटतं म्हणून सगळं बरोबर होत नाही.

तिरपागडा
थंड समुद्रप्रवाहाच्या काठचा पेंग्विन आहे तो, बर्फातला नव्हे. दक्षिण ध्रुवावरून उचलून आणल्यासारखं बोलू नका. आणि ब्रह्मदेशातली उर्वशी भायखळ्यात चालते तर पेंग्विन का नाही?

सुमेधा
कारण उर्वशीला एसी लागत नाही.

चहाबाज
खिक्. तिरपागडा, इनो घ्या.

ईलिंगकर
उर्वशीचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. मी लंडनच्या ईलिंग भागात राहतो, मूळ परळचा. या झाडाचा आणि आमच्या ईलिंगचा एक झकास किस्सा आहे.

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनियल वॉलिच १८२७च्या सुमारास ब्रह्मदेशात फिरत होता. सॅल्वीन नदीच्या परिसरात एका मठाच्या बागेत त्याला हे झाड दिसलं. जवळच्या गुहांमध्ये बुद्धाच्या मूर्तींपुढे याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. त्याने झाडाला गव्हर्नर-जनरल आम्हर्स्टच्या बायकोचं आणि मुलीचं नाव दिलं. हे वर्णन वाचून इंग्लंडातले बडे लोक वेडे झाले. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने तर जॉन गिब्सन नावाच्या आपल्या माळ्याला खास या झाडासाठी हिंदुस्थानात धाडलं. तो १८३७मध्ये रोप जिवंत घेऊन परतला. काचघर बांधलं, ऊब दिली, लाड केले. फूल? नाव नको. आणि १८४९मध्ये त्या सगळ्या सरदार-दरकदारांच्या आधी पहिलं फूल कोणाकडे आलं? ईलिंग पार्कच्या मिसेस लॉरेन्स यांच्याकडे! बाईंनी पहिला तुरा थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवला.

म्हणजे ज्या फुलासाठी तेव्हाच्या ड्यूकने माणूस जहाजावर घातला, ते तुम्हाला भायखळ्याला लोकलने जाऊन दिसतं.

मावशी_बोरिवली
किती छान लिहिलंत हो. डोळे पाणावले (खरोखरचे, वयाचे).

वनवासी
ईलिंगकर, मस्त. यात थोडी भर. हे झाड रानात जवळपास सापडतच नाही, माणसाने मठांच्या, देवळांच्या आवारात जपलं म्हणून टिकलं. बी क्वचितच धरतं. त्यामुळे एखादं मोठं झाड पडलं तर 'लावू दुसरं' इतकं सोपं नसतं.

रोपवाटिका
कर्जतजवळ छोटी नर्सरी आहे माझी, म्हणून बोलतो. उर्वशी गुटीवर करतात. पावसाळा लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल बोटभर गोल सोलायची, ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लास्टिक आवळायचं. आंब्यालिंबाच्या गुटीसारखं पटापट होत नाही, मुळं सुटायला फार रडवते. सुटली तरी कापून कुंडीत घेतल्यावर बऱ्याच मरतात. कोरडी हवा अजिबात चालत नाही. कोकण, मुंबई ठीक. घाटावरच्या लोकांनी नाद करू नये.

पंत_सदाशिव
घाटावरचे लोक हजर आहेत.

मुंबईकरांनी बाग काढली हे कौतुकाचंच, पण झाडं लावून बघण्याचा उद्योग आमच्याकडे त्याआधीपासून चालू होता. पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नरचा बंगला होता, त्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ ते १८४७ त्याचा प्रमुख होता. (ईलिंगकरांचा माळी गिब्सन वेगळा, हा डॉक्टर गिब्सन वेगळा. गल्लत नको.) याच गिब्सनने झाडांची बेसुमार तोड बघून सरकारच्या मागे लकडा लावला आणि १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्याने बागेतल्या आणि आजूबाजूच्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, नाव कोणी नोंदवलं नाही. डॉक्टरचं नाव राहिलं, त्या गड्याचं गेलं. दापोडीची बाग गव्हर्नर गणेशखिंडीत हलले तेव्हा मोडीत निघाली. आज त्या बाजूने जाताना कारखाने आणि रेल्वे दिसते.

आणि हो, पुण्यात एम्प्रेस गार्डन आहेच. १८९२पासून पुण्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या हातात आहे. जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन, आत वाहणारा ओढा आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली. पेंग्विन नाहीत. कोणाला उणीव भासत नाही.

भायखळा_लोकल
पंत, दापोडीचं झकास. एका स्वतंत्र धाग्याचं काम आहे, लिहाच.

चहाबाज
पुण्याचा विषय निघाला, आता धागा दोनशे प्रतिसाद गाठणार.

डोंगरवाट
मला एक मूलभूत शंका आहे. या बागेत उर्वशी ब्रह्मदेशची, गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. गोऱ्यांनी गोळा केलेल्या परदेशी झाडांचं एवढं कौतुक कशाला? सह्याद्रीत देवराया ओस पडताहेत, तिकडे कोणी बघत नाही.

वनवासी
डोंगरवाट, देवरायांबद्दल दुमत नाही. पण गोरखचिंच गोऱ्यांनी आणली म्हणता येत नाही. ती आफ्रिकेतून व्यापाऱ्यांबरोबर फार आधी आली असं मानतात, आणि आपल्या लोकांनी तिला गोरखनाथांच्या नावाने आपलंसं करून टाकलं. कैलासपतीचंही तसंच. फुलात नागाने फणा धरल्यासारखा आकार आणि खाली पिंडीसारखं काही दिसलं, की झालं काम, झाड शंकराच्या देवळात. अमेरिकेतल्या झाडाला एवढं सोवळं मिळालेलं दुसरीकडे बघायला मिळणार नाही. त्याची तोफगोळ्यासारखी फळं फुटली की मात्र असा वास सुटतो की भक्तही पळतात.

गुलमोहोर मादागास्करचा आणि वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा. मुंबईच्या रस्त्यांवरून परदेशी झाडं काढायची ठरवली तर सावलीला फार थोडी उरतील. शिवाय राणीच्या बागेत सीताअशोक आहे, मुचकुंद आहे. आपलीही आहेत.

डोंगरवाट
काढा म्हणत नाहीये. लावताना आपलं आधी लावा, एवढंच.

रोपवाटिका
गिऱ्हाईक मागतं तेच आम्ही विकतो दादा. सीताअशोक मागायला येतात आणि उंच सरळसोट वाढणारा आसुपालव घेऊन जातात, कारण कंपाउंडला लवकर भिंत होते. सीता ज्या अशोकाखाली बसली ते हे नव्हे, हे किती वेळा सांगायचं.

सुमेधा
इतिहास चालू आहे तर २००७चं कोणीच कसं लिहिलं नाही? महापालिकेने तेव्हा बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आणला, शेकडो कोटींचा. त्यात जुन्या झाडांचं काय होणार याचं उत्तर कोणी देईना. तेव्हा काही मुंबईकर, त्यातही बायका पुढे, हातात टेप घेऊन झाडं मोजायला लागले. ३२१३ झाडं आणि २८६ प्रजाती भरल्या. आकडा समोर आल्यावर 'चार झाडं इकडची तिकडे' म्हणून उडवून लावणं अवघड झालं. वारसा समितीपर्यंत प्रकरण गेलं आणि मूळ आराखडा बारगळला. सुमारे ५० एकरांत एवढी विविधता या शहरात दुसरीकडे दाखवा.

माझी एक लांबची काकू त्या मोजणीला जायची. तिच्या वहीत प्रत्येक झाडापुढे बुंध्याचा घेर सेंटीमीटरमध्ये लिहिलेला, आणि मधेच एका पानावर 'येताना कोथिंबीर'.

तिरपागडा
हे माहीत नव्हतं. त्या बायकांना सलाम. पेंग्विनबद्दलचं मत कायम.

एकटा_जीव
इतकी चर्चा झाली आणि दगडी हत्तीबद्दल कोणी बोललं नाही? संग्रहालयाच्या आवारात जो हत्ती उभा आहे तो घारापुरीचा. याच्यामुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये साहेबाने त्याला इंग्लंडला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे येऊन पडले आणि १९१४मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नीट बघितलं तर सांधे दिसतात.

भायखळा_लोकल
आणि काळा घोडा. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने दिलेला अश्वारूढ पुतळा. १९६५मध्ये फोर्टातून काढून राणीच्या बागेत आणून ठेवला. तिकडे चौकाचं नाव काळा घोडा, आणि घोडा भायखळ्याला. २०१७मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही.

चहाबाज
म्हणजे मोडका हत्ती, हद्दपार घोडा, एसीतले पेंग्विन. ज्यांना कुठे जागा नाही त्यांना राणीची बाग. मी पण बोरिवलीतलं घर सोडून येऊ का?

मावशी_बोरिवली
चहाबाज, बोरिवलीला नावं ठेवू नका. आमच्याकडे नॅशनल पार्क आहे.

पंत_सदाशिव
अवांतर: शिवडीच्या त्या जुन्या बागेचं पुढे काय झालं?

भायखळा_लोकल
दफनभूमी झाली, पंत. आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, १८६५च्या सुमारास ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. व्हीटी स्टेशनचा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच आहे आणि गेटवे ऑफ इंडियावाला जॉर्ज विटेटसुद्धा. कधी जाऊन आलात तर बघा, झाडी अजूनही दाट आहे. बाग होती हे सांगावं लागत नाही.

जुईली
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. उर्वशीचं कळलं, ईलिंगपर्यंत जाऊनही आले. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला हो. कधी जावं आणि काय बघावं?

वनवासी
खरंय, आम्ही भरकटलो. थोडक्यात सांगतो.

एकदाच जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. उर्वशी, सीताअशोक त्याच सुमारास बहरात असतात, मुचकुंदही मार्चकडे सुरू होतो. मुचकुंदाचं फूल झाडावर शोधू नका, खाली बघा. रात्री उमलून सकाळी पडलेलं असतं आणि वास पुढे कितीतरी दिवस टिकतो. जुन्या बायका कपड्यांत ठेवायच्या. कैलासपतीला वर्षभर थोडीफार फुलं असतात, तीही शेंड्याला नव्हे, थेट बुंध्यावर.

गोरखचिंच दोनदा बघावी. एकदा थंडी-उन्हाळ्यात, तिची पानं झडलेली असताना, म्हणजे तो बेढब, हत्तीच्या कातड्यासारखा बुंधा पुरता दिसतो. आणि एकदा पाऊस सुरू होताना, फुलांसाठी. पांढरी, हाताच्या पंजाएवढी, उलटी लटकणारी. ती संध्याकाळी उमलतात, कारण पाहुणे म्हणजे वटवाघळं. बाग त्याआधीच बंद होते, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जायचं. तोवर कोमेजत आलेली किंवा खाली पडलेली दिसतील. उचलून नाकाशी नेऊ नका, सांगून ठेवतो.

शनिवार-रविवार दुपार टाळा. आणि आधी संग्रहालय, मग बाग असं करू नका. उलट करा, ऊन चढलं की संग्रहालयात शिरायचं.

डोंगरवाट
कट्टाच करूया ना मग. वनवासी झाडं दाखवतील, भायखळा_लोकल इतिहास सांगतील. पुढच्या बुधवारी मला सुट्टी आहे.

भायखळा_लोकल
बुधवारी बाग बंद असते. संग्रहालयही.

चहाबाज
कट्ट्याची ही शुभ सुरुवात.

सुमेधा
शनिवारी सकाळी लवकर चालेल? उघडल्या उघडल्या शिरलो तर गर्दी व्हायच्या आत झाडं बघून होतील. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं, चालत दहा मिनिटं.

रोपवाटिका
मी येतो. येताना सीताअशोकाची चार रोपं आणेन, ज्यांच्याकडे जमिनीत लावायला जागा आहे त्यांनीच हात वर करा. कुंडीवाल्यांनी नको.

डोंगरवाट
एक माझं. सोसायटीच्या आवारात लावतो, सेक्रेटरीशी भांडून.

मावशी_बोरिवली
मी येईन, पण हळूहळू चालेन. बसायला बाकं आहेत ना अजून? आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं का?

भायखळा_लोकल
बाकं भरपूर आहेत मावशी. तिकीट वेगळं काढावं लागतं.

तिरपागडा
मी पण येतो. तुम्ही मुचकुंदाची फुलं वेचा, मी तोवर पेंग्विनच्या रांगेत तुमच्यासाठी नंबर लावून ठेवतो. सुमेधाताईंचाही लावू का?

सुमेधा
लावा. विरोध आत जाऊन करेन.